जुन्या सायकलीचा नवा खटका

या लेखमालेत आम्ही आजवर गावांची नावे, पहाणीपत्रकातील शब्द आणि दखनीत मुरलेली मराठी यांविषयी लिहिले. आजचा विषय सायकलीच्या गिअरचा आहे. वाचकांना ते विषयांतर वाटेल. परंतु निमित्त अपघाताचे आहे आणि शेवट शब्दांपाशीच होणार आहे, एवढे आधीच सांगून ठेवतो.

गेल्या माघातील एका सकाळी आम्ही खटकचिंचोळीहून भालकीच्या रस्त्याला लागलो होतो. ऊसतोडणीचे दिवस होते. मागून दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर येत होता आणि समोर लहानसा चढ होता. आमची सायकल १९९३ साली, पुण्यात कायद्याचे शिक्षण घेत असताना, जुन्या बाजारातून घेतलेली. पोलादी सांगाडा, खाली वळलेले हँडल, पुढे दोन आणि मागे सहा दातेरी चकत्या. गिअर बदलण्याच्या दोन दांड्या मात्र हँडलवर नाहीत; हँडलाच्या खालून पायडलकडे तिरकी उतरणारी जी नळी असते, तिच्यावर आहेत. गिअर बदलायचा म्हणजे एक हात हँडलवरून काढून गुडघ्याच्या उंचीपर्यंत खाली न्यायचा. तीस वर्षे आम्ही तेच करीत आलो. त्या सकाळी हात खाली गेला आणि त्याच क्षणी पुढचे चाक खड्ड्याच्या कडेवर चढले. एका हाताने हँडल आवरले नाही. ट्रॅक्टरवाल्याने वेळेवर ब्रेक लावला, म्हणून हा लेख लिहिला जात आहे. हासळीचे हाड मोडले आणि सहा आठवडे हात झोळीत राहिला. त्या काळात न्यायालयात आमची कागदपत्रे कनिष्ठ सहकाऱ्याने उलटली.

घरी निकाल एका वाक्यात लागला. "अहो, सायकल सोडा असं मी म्हणत नाही, पण हात सोडणं आता सोडा." पुण्याहून पाहायला आलेला पुतण्या म्हणाला, "काका, ही जाऊ द्या. आता बॅटरीवर गिअर बदलणाऱ्या सायकली आल्यात." त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. तथापि जे आपल्याजवळ आहे ते दुरुस्त होते का, हे पाहिल्याखेरीज टाकून द्यायचे नाही, अशी आमची सवय आहे. म्हणून ज्या उस्तादांकडे आमची सायकल वर्षानुवर्षे जाते, त्यांच्यापुढे ती उभी केली. त्यांनी चाक फिरवून पाहिले आणि म्हणाले, "वकीलसाब, सब नक्को बदलो. चलता सो चलने देओ." दखनीतला हा 'नक्को' मराठीच्या 'नको'चाच. सल्ला त्यांचा, शब्द आपला. दोन्ही आम्ही मान्य केले.

दांड्या त्या गैरसोयीच्या जागी का बसवीत असत, याला कारण आहे. तिथून मागच्या चाकापर्यंत तार जवळजवळ सरळ आणि आखूड जाते. वळणे कमी, म्हणून घर्षण कमी आणि वजनही कमी. शर्यतीच्या सायकलींवर ही रचना अनेक दशके टिकली. त्याआधी गिअर बदलण्याची यंत्रणा शर्यतीच्या जगाला सहजासहजी मान्य नव्हती. फ्रान्सच्या प्रसिद्ध 'तूर द फ्रान्स' शर्यतीत साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्रणेला १९३७ सालापर्यंत परवानगी नव्हती. त्या यंत्रणेचे फ्रेंच नाव 'डिरेलर'. त्याचा शब्दशः अर्थ 'रुळावरून उतरवणारा'. साखळी तिच्या वाटेवरून उतरवायची आणि शेजारच्या वाटेवर चढवायची, हेच तिचे काम. पुढे १९८४ साली जपानच्या शिमानो कंपनीने ठरावीक टप्प्यावर 'खट्' करून थांबणारी दांडी शर्यतीच्या सायकलींसाठी आणली. १९९० च्या सुमारास तोच खटका ब्रेकच्या लिव्हरमध्ये बसवला गेला आणि गिअरसाठी हँडल सोडण्याची गरज संपली. आमची सायकल या बदलाच्या अलीकडची राहिली.

जुनी दांडी केवळ घर्षणावर थांबते. तिला टप्पे नसतात. ती किती ओढायची हे अंगठा ठरवतो आणि साखळी बसली की नाही हे कान सांगतो. करकर आली तर दांडी किंचित मागे घ्यायची. तिला मागे सहा चकत्या आहेत की सात, कोणत्या कारखान्याच्या आहेत, याच्याशी कर्तव्य नसते. खटक्याच्या गिअरचे तसे नाही. तेथे लिव्हर, डिरेलर आणि चकत्या यांच्यात त्रिपक्षीय करार असतो. सात चकत्यांच्या संचात शेजारच्या दोन चकत्यांच्या मध्यांतील अंतर सुमारे ५ मिलिमीटर असते. दहाच्या संचात ते ४ मिलिमीटरपेक्षाही कमी. लिव्हर एका खटक्याला तीन मिलिमीटरहून थोडी कमी तार ओढते आणि डिरेलरने त्या ओढीत साखळी बरोबर एक चकती सरकवायची असते. तिघांपैकी एकाचे माप वेगळे असले की करार मोडतो. एक-दोन गिअर जमतात, पुढचे करकरू लागतात. जुन्या सायकलीवर नवे लिव्हर लावून लोक फसतात ते बहुधा इथेच.

पुतण्याने अकरा चकत्यांचा संच सुचवला होता. त्यासाठी मागच्या चाकाला १३० मिलिमीटर रुंद जागा लागते. आमच्या सांगाड्यात ती १२६ आहे. पोलाद असल्यामुळे ती ताणून वाढवता येते, पण जुन्या जोडांवर हा प्रयोग करण्याची आमची तयारी नव्हती. सात चकत्यांचे फ्रीव्हील मात्र त्याच १२६ मध्ये, त्याच चाकावर, त्याच आट्यांवर बसते. म्हणून सातचे फ्रीव्हील, सातच्या खटक्यांचे ब्रेक-लिव्हर आणि त्यांच्या मापाचा मागचा डिरेलर एवढेच घेतले. बरोबर नवी साखळी आणि नव्या तारा. तिरक्या नळीवरच्या दांड्या काढून त्याच जागी तारेच्या नळकांडीला टेकू देणाऱ्या लहान टोप्या बसवल्या. चाके, पुढच्या चकत्या, ब्रेक आणि सांगाडा जुनेच राहिले.

एक सावधगिरी वाचकांनीही पाळावी. ब्रेकच्या तारेवरचे नळकांडे आणि गिअरच्या तारेवरचे नळकांडे वरून सारखे दिसते, पण आत सारखे नसते. ब्रेकच्या नळकांड्यात पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते; गिअरच्यात बारीक तारा लांबीला समांतर असतात. ब्रेकचे नळकांडे गिअरला लावले तर ते दाबाने किंचित आखडते आणि खटके चुकतात. गिअरचे ब्रेकला लावले तर जोराने ब्रेक दाबताना ते फाटू शकते आणि मग प्रश्न केवळ करकरीचा राहत नाही. दोन्ही दिसायला सारखी, म्हणून कोणतेही चालेल, असे दुकानदार म्हणाला तरी मानू नये.

उस्तादांचे पूर्ण दोन दिवस या कामात गेले. त्यातला निम्मा वेळ एका पेचावर गेला. तो पेच तारेचा ताण केसभर कमीजास्त करतो. पाव फेरा फिरवायचा, पायडल मारायचे, ऐकायचे, पुन्हा पाव फेरा. ज्या कानाने आम्ही तीस वर्षे रस्त्यावर गिअर लावले, तोच कान त्यांनी दुकानात लावला. एकदा माप बसले की रस्त्यावर ऐकत बसावे लागत नाही.

आता आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने जातो. त्या चढावर पहिल्यांदा दोन्ही हात हँडलवर ठेवून बोटाने लिव्हर आत ढकलला, खट् झाले आणि पाय हलका पडला. मागे ट्रॅक्टर होताच. मनातली धास्ती गेली नाही, पण हँडल डुगडुगले नाही. जुन्या दांडीचे एक सुख मात्र गेले. तीत चुकायला जागा होती आणि चूक तिथल्या तिथे सुधारायलाही जागा होती. आता तार सैल झाली तर अंगठ्याला काही करता येत नाही. पेचाकडेच जावे लागते.

आम्हां सीमाभागातील माणसांचे बोलणे त्या जुन्या दांडीसारखे आहे. न्यायालयात कन्नड, बाजारात दखनी, घरात मराठी. समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत थोडे पुढे, थोडे मागे सरकवत आम्ही शब्द बसवतो. प्रमाणभाषा खटक्यावर चालते. अर्ज, निकालपत्र आणि पाठ्यपुस्तक यांना खटकाच हवा; तेथे प्रत्येकाचे माप वेगळे असून चालणार नाही. परंतु खटका बसवताना माप कोणाच्या कानाने लावले, हे महत्त्वाचे. आमच्या कानाला विचारात न घेता लावलेले माप आमच्या रस्त्यावर करकरतच राहील.

'खटका' हा शब्दही उस्तादांच्या तोंडून आला. बंदुकीचा खटका, दिव्याचा खटका, दोन माणसांत उडतो तो खटका, आता गिअरचाही. आमच्या गावाच्या नावातील 'खटक' त्याच्याशी जोडण्याचा मोह आम्ही पुराव्याअभावी आवरतो. बैलगाडीच्या चाकाला आपल्याकडे आरा, तुंबा, धाव, आख असे भागाभागाला नाव होते. आरा हा संस्कृत 'अर'पासून, आख 'अक्ष'पासून आला. सायकल आली तेव्हा मराठीने साखळी, आरे, छर्रे, आटे हे आपले शब्द तिला दिले आणि ब्रेक, पायडल, पंक्चर हे तिच्याकडून घेतले. वाकडे झालेले चाक सरळ करण्याला तर मराठी कारागिरांनी 'आउट काढणे' असा आपलाच प्रयोग घडवला. भाषा जिवंत असते ती अशा दुकानांत.

म्हणून एक विनंती. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद, उदगीर, देगलूर, सीमेच्या कोणत्याही बाजूला आपण असा. आपल्या गावच्या सायकल दुकानात अर्धा तास बसावे आणि कारागीर प्रत्येक भागाला काय म्हणतो ते लिहून ठेवावे. जुनी सायकल दुरुस्त होत असेल तर आधी त्याला विचारावे, मग नवी घ्यावी. आणि दांडी अजून तिरक्या नळीवर असेल, तर उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येण्यापूर्वी ती वर घ्यावी.