परीच्या टेकडीची सोंड

रंगीत काड्यांच्या पेटीतली तांबड्या ज्योतीची काडी मला सर्वांत प्रिय. हिरवी ज्योत बेरियमची, तांबडी स्ट्रॉन्शियमची. बेरियम या नावाचे मूळ 'जड' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. अगदी रुक्ष कारभार! स्ट्रॉन्शियमच्या नावात मात्र चक्क एक गाव वसले आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, डोंगराळ मुलखात समुद्राची एक लांबट खाडी आत शिरली आहे. तिच्या काठी स्ट्रॉन्शियन हे चिमुकले गाव. तिथल्या गेलिक भाषेत या नावाचा अर्थ होतो परीच्या टेकडीचे नाक. आपण सह्याद्रीची माणसे 'सोंड' म्हणालो असतो, इतकेच. गावाजवळ शिशाच्या खाणी होत्या. त्यांतून एक दगड निघे, तो बेरियमच्या जातीचाच समजला जाई. हा पदार्थ निराळा असावा, असे अडेर क्रॉफर्ड या डॉक्टरने १७९० साली सुचवले. एडिंबरोच्या टॉमस होपने त्यावर पुष्कळ प्रयोग केले आणि त्याची ती तांबडी ज्योतही नोंदवली. पुढे १८०८ साली हंफ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने त्यातला धातू मोकळा केला. ब्रिटनमधल्या ठिकाणावरून नाव पडलेले मूलद्रव्य हे एवढे एकच.

धातू म्हणून त्याला कोणी फारसे विचारीत नाही; हवा लागली की तो काळवंडतो. कर्तबगारी सगळी संयुगांची. नायट्रेट शोभेच्या दारूत जाते. सल्फेटचा खनिज दगड कधी कधी असा सुरेख आकाशी असतो, की त्याचे नावच 'आकाशाचा' या अर्थाचे पडले. रंगीत टीव्हीचे अवजड खोके घरोघरी होते, तेव्हा आतले क्ष-किरण अडवण्यासाठी पडद्याच्या काचेत त्याचे ऑक्साइड घालीत.

पण या धातूची खरी सोयरीक कॅल्शियमशी. दोघे इतके सारखे, की आपल्या हाडांनाही फसगत कळत नाही. १९५०च्या दशकात अणुबाँबच्या चाचण्यांतून किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० हवेत गेले, पावसाबरोबर गवतावर उतरले, गायीच्या दुधातून मुलांच्या हाडांत आणि दुधाच्या दातांत शिरले. निम्मे विरायलाच त्याला जवळजवळ २९ वर्षे लागतात. उघड्यावरच्या चाचण्या थांबवण्याचा करार अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी १९६३ साली केला, त्यामागे या दुधाची धास्तीही होती.

म्हणूनच अण्णांच्या डॉक्टरांनी स्ट्रॉन्शियमच्या इंजेक्शनची गोष्ट काढली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कर्करोग हाडांत उतरला होता. अण्णा रात्र रात्र भिंतीला टेकून बसत. कूस बदलायची सोय नव्हती. डॉक्टर म्हणाले, "हे स्ट्रॉन्शियम-८९. पन्नास दिवसांत निम्मं होतं. जिथं हाड पोखरलंय, तिथंच जास्त जाऊन बसेल. रोग जाणार नाही, कळ कमी होईल." पुन्हा तीच हाडांची फसगत, या खेपेला आमच्या बाजूने.

अण्णा जन्मभर भूगोल शिकवीत आलेले. घरी आल्यावर त्यांना नावाची हकीकत सांगितली. म्हणाले, "नकाशा आण पाहू." आमच्या जुन्या नकाशाच्या पुस्तकात ते गाव नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात ते पहिल्यांदा कुशीवर झोपले. सकाळी उठून त्यांनी पेन्सिल मागितली, खाडीच्या टोकाशी एक टिंब दिले आणि शेजारी वळणदार अक्षरात 'स्ट्रॉन्शियन' असे लिहिले.