आमचें हिरवळीचें कंत्राट

उतारवयांत जी हौस अंगीं शिरते ती तरुणपणच्या हौसेपेक्षां अधिक महाग पडते, असा आमचा अनुभव आहे. तरुणपणीं हौस असली तरी गांठीं पैसा नसतो, त्यामुळें तिला आपोआप लगाम बसतो. सेवानिवृत्तीनंतर गांठीं चार पैसे असतात आणि लगाम धरणारें कोणी उरलेलें नसतें. बागेच्या हौसेनें आम्हांस गांठलें तें ह्याच वयांत. तिच्यापायीं आमच्या हातून जें घडलें तें येथें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, ज्या वाचकांच्या दारीं अद्याप चार हात जमीन शिल्लक आहे, त्यांनीं ती दुसऱ्याच्या हवालीं करण्यापूर्वीं क्षणभर थांबावें.

आमचें घर पुण्यास एरंडवण्यांत आहे. वडिलांनीं तें १९६८ सालीं बांधलें. पुढें-मागें मिळून हजारएक चौरस फुटांचें अंगण. त्यांत एक आंबा, एक पारिजातक, तांबड्या जास्वंदीचीं तीन झुडपें, तुळशीवृंदावन, आणि बाकी सगळीकडे हरळी. ह्या बागेस आखणी अशी कांहीं नव्हती. जें झाड जेथें रुजलें तेथेंच तें मोठें झालें. माळीबुवा आठवड्यांतून दोनदां येत. त्यांचें खुरपें पाण्याच्या टाकीमागें खोंचलेलें असे, आणि तें तेथें गेलीं तीस वर्षें होतें. पहाटें सर्वांच्या आधीं अंगणांत उतरण्याचा मान मात्र आमच्या मातोश्रींचा. हातांत परडी घेऊन त्या पारिजातक वेंचीत, जास्वंदी खुडीत, आणि शेवटीं वांकून दूर्वा काढीत. चौऱ्याऐंशींव्या वर्षींही हें वांकणें त्यांनीं सोडलें नव्हतें. वैद्यकशास्त्रांत ज्यास व्यायाम म्हणतात तो त्यांनीं आयुष्यांत एवढाच केला असावा.

२०२२ सालच्या डिसेंबरांत कन्येचें लग्न ठरलें. फेब्रुवारींत स्वागतसमारंभ आपल्याच अंगणांत करावा असा बेत झाला, आणि आमचें अंगण प्रथमच आम्हांस लाजिरवाणें वाटूं लागलें. ह्यास कारण व्याही. त्यांच्या घरासमोर हिरवागार गालिचा अंथरावा तशी हिरवळ होती. ती पाहून आल्यावर आमची हरळी आम्हांस गबाळी दिसूं लागली. घरांत विचारविनिमय झाला. म्हणजे आम्ही बोललों आणि आमच्या पत्नीनें "तुमच्या मनांत आलंय तर करा" असें म्हटलें. जवळच बागा आंखून देणारी व हिरवळीची देखभाल करणारी एक कंपनी होती. तिला आम्हीं बोलाविलें.

कंपनीचे पर्यवेक्षक तरुण, नम्र व हुषार गृहस्थ होते. पाव तासांत त्यांनीं अंगण मोजलें आणि हातांतल्या पडद्यावर आमचें भावी अंगण आम्हांस दाखविलें. सहाशें चौरस फूट हिरवळ, कडेनें दगडी फरशी, झुडपांच्या जागीं कुंड्या. 'मेक्सिकन' ह्या नांवानें विकलें जाणारें मऊ गवत, लाल माती, शेणखत आणि मजुरी धरून चौरस फुटास ५५ रुपये. म्हणजे ३३,००० रुपये. वार्षिक देखभालीचा करार निराळा. अंगण किती फूट आहे हें त्यांनीं विचारलें. अंगणांत रोज कोण येतें हें त्यांनीं विचारलें नाहीं, आणि आम्हींही सांगितलें नाहीं. ह्या सबंध प्रकरणांतला दोष कोणाचा ह्याचा निवाडा करावयाचा झाल्यास तो ह्या वाक्याच्या उत्तरार्धांत सांपडेल.

माळीबुवांस आम्हीं एका वाक्यांत रजा दिली. दोन महिन्यांचा पगार पाकिटांत घालून पुढें केला. त्यांनीं तो घेतला आणि विचारलें, "भाऊसाहेब, पाणी कोण घालणार?"

"यंत्र आहे," आम्हीं म्हटलें.

ते टाकीमागें गेले, खुरपें काढून पिशवींत घातलें आणि फाटक लावून निघून गेले. दुसऱ्या दिवशीं मजूर आले. अर्धा फूट माती उकरून हरळी काढली गेली, आणि जास्वंदीचीं तिन्ही झुडपें दुपारपर्यंत फाटकाबाहेर जाऊन पडलीं. मातोश्री खिडकींतून पाहत होत्या. त्या कांहींच बोलल्या नाहींत. आमच्या घरांत मातोश्रींनीं रागावणें हें नित्याचें असे. त्यांचें न बोलणें मात्र आम्हीं त्यापूर्वीं वडील गेले तेव्हांच पाहिलें होतें.

समारंभ उत्तम झाला. पाहुण्यांनीं हिरवळीची तोंडभर स्तुति केली. व्याह्यांनीं तर कंपनीचा पत्ता आमच्याकडून टिपून घेतला, आणि आमच्या ३३,००० रुपयांचें त्या क्षणीं सार्थक झालें. परंतु समारंभ एका संध्याकाळचा असतो आणि गवत बारा महिन्यांचें. मार्च उजाडला आणि माळीबुवांचा प्रश्न उभा राहिला.

हिरवळीची ही आवड मूळची आमच्या हवेंतली नव्हे. इंग्लंडांत बारा महिने पाऊस थोडा थोडा झिमझिमत असतो. तेथें गवत आपोआप हिरवें राहतें, आणि मनुष्यास फक्त तें कापण्याची चिंता असते. पूर्वीं तेंही काम विळ्यांनीं होई, म्हणून मोठी हिरवळ बाळगणें हें मोठ्या जमीनदाराचें लक्षण मानीत. १८३० सालीं एडविन बडिंग नांवाच्या इंग्रज कारागिरानें गवत कापण्याचें पहिलें यंत्र काढलें. लोकरी कापडावरची लव कातरणारें यंत्र पाहून त्यास ही कल्पना सुचली होती. त्या यंत्रामुळें जमीनदाराची हौस मध्यमवर्गाच्या दारीं आली, आणि पुढें साहेबाबरोबर ती आमच्याकडेही उतरली. यंत्र आलें, हौस आली. झिमझिम पाऊस मात्र येऊं शकला नाहीं. पुण्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडून जातो. बाकीच्या आठ महिन्यांचा पाऊस नळांतून पाडावा लागतो.

त्याचा हिशेब आम्हीं एके दुपारीं मांडला. एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी पसरलें म्हणजे एक मिलिमीटर पाऊस झाला. आमची हिरवळ सुमारें ५५ चौरस मीटर. उन्हाळ्यांत रोज ५ मिलिमीटर पाणी धरलें तर सुमारें २७५ लिटर लागतें. शहरांत माणशीं रोजचें १३५ लिटर पाणी हें आपल्याकडे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे आमच्या दारीं दोन पाहुणे कायमचे येऊन राहिले होते. ते जेवत नव्हते एवढेंच, पण आंघोळीस कधीं चुकत नव्हते. एप्रिलांत नळाचें पाणी कमी झालें तेव्हां टँकर मागवावा काय, असा प्रश्न निघाला. शेजारच्या इमारतींत माणसांसाठीं टँकर येत असतां आपण तो गवतासाठीं बोलवावा, हें आमच्यानें झालें नाहीं. गवत आधीं पिवळें पडलें, मग तपकिरी झालें. आंब्याच्या सांवलींतलें तर मुळींच धरलें नव्हतें. पर्यवेक्षक म्हणाले, "सर, आंब्याच्या मोठ्या फांद्या उतरवूं, ऊन लागेल." झाड आपल्या अंगणांतलें असलें तरी तें वाटेल तसें तोडतां येत नाहीं, १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष कायद्याप्रमाणें महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, हें आम्हीं त्यांस सांगितलें. कायद्याचा आधार घेतला हें खरें. पण ज्या आंब्याचें लोणचें आपण पन्नास वर्षें खाल्लें त्याच्यावर गवतासाठीं कुऱ्हाड चालवूं नये, एवढें कळण्यास कायदा लागूं नये.

देखभालीस महिन्यांतून दोनदां एक विशीचा मुलगा येई. मराठवाड्यांतून पोटासाठीं आलेला, स्वभावानें गरीब. दिवसांत त्यास पांच-सहा बंगले उरकावयाचे असत. आमच्या वांट्यास पाऊण तास येई, त्यांत तो यंत्र फिरवून निघून जाई. त्यास बोल लावण्यांत अर्थ नव्हता. पाऊण तासांत बागेचें काम होतें, बागेची ओळख होत नाहीं.

जूनच्या अखेरीस पाऊस सुरू झाला आणि एक चमत्कार घडला. मेलेल्या गवताच्या टकलांतून बारीक, टोंकदार, तरतरीत कोंब वर आले. मातोश्रींनीं खिडकींतून ओळखले. "हरळी आली रे," त्या म्हणाल्या. कित्येक महिन्यांत अंगणाविषयीं त्यांनीं उच्चारलेले हे पहिले शब्द. पण पर्यवेक्षकांनीं तीच पाहून कपाळाला आंठी घातली. "सर, हें तण आहे. आत्तांच मारलं नाहीं तर सगळं खाऊन टाकील." आणि आम्हीं होकार दिला! कां दिला हें आज आम्हांस नीट सांगतां येत नाहीं. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा पक्ष घेण्याची जी एक खोड मनुष्यास असते, तीच ती असावी. फवारणी झाली. पानें करपलीं. संकष्टीच्या दिवशीं मातोश्री परडी घेऊन पायरीपर्यंत आल्या, वास आला तशा परत फिरल्या.

त्या वर्षींचा ऑगस्ट पुष्कळांच्या स्मरणांत असेल. १९०१ पासूनच्या नोंदींत देशांत इतका कोरडा ऑगस्ट झालेला नव्हता. उरलेलें मेक्सिकन गवतही त्यांत संपलें. गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला होती. तिच्या आधल्या आठवड्यांत पर्यवेक्षक नवा प्रस्ताव घेऊन आले. "सर, मेक्सिकन काढून बर्म्युडा लावूं. उन्हांत टिकतं, पाणी कमी लागतं, तुडवलं तरी मरत नाहीं. दर थोडा जास्त पडेल."

इतकें गुणसंपन्न गवत कोणतें म्हणून आम्हीं रात्रीं पुस्तक उघडलें. बर्म्युडाचें शास्त्रीय नांव सायनोडॉन डॅक्टिलॉन. पुढें देशोदेशींचीं नांवें दिलीं होतीं. संस्कृत नांव दूर्वा. मराठी नांव हरळी! विकावयास ठेवतात ते निवडून वाढविलेले बारीक पानांचे प्रकार असतात, कांहीं संकरितही असतात. पण कूळ तेंच. ही जमिनीवरून पेऱ्यापेऱ्यानें धांवते आणि जमिनीखालूनही धांवते, म्हणूनच खणून आणि फवारूनही ती समूळ जात नाहीं. सांवली मात्र तिला सोसत नाहीं. जी आम्हीं पैसे देऊन उपटविली, पैसे देऊन जाळविली, तीच आतां अधिक पैसे देऊन लावण्याचा योग आला होता. सकाळीं हें मातोश्रींस सांगितलें. त्या हंसल्या नाहींत. "नांव बदलून आली म्हणून किंमत वाढली होय," एवढेंच म्हणाल्या.

चतुर्थीच्या आदल्या दिवशीं आम्ही मंडईंत दूर्वा आणावयास निघालों होतों. अंगणांत हरळीचे नवे कोंब डुलत होते, पण औषध घातलेल्या जागेंतली दूर्वा मातोश्री देवास वाहणार नव्हत्या, आणि त्यांचें बरोबर होतें. फाटक उघडतों तों समोर माळीबुवा. हातांत ओल्या फडक्यांत बांधलेल्या एकवीस जुड्या. "आजीबाईंच्या गणपतीला," ते म्हणाले. त्यांनीं दर वर्षीं हेंच केलें होतें. फरक एवढाच कीं आजवर त्या जुड्या ते आमच्याच अंगणांतून काढीत, आणि ह्या वर्षीं त्यांनीं त्या आपल्या गांवाकडच्या बांधावरून आणल्या होत्या. आम्हांस बोलावयास शब्द सुचेना. शेवटीं "आंत या" एवढेंच म्हटलें.

त्यांस पुन्हां कामावर या असें म्हणण्यास आमची जीभ रेटेना. आमच्या पत्नीनें तें म्हटलें. ते म्हणाले, "वहिनी, गुडघं आतां ऐकत नाहीत. पण तुमच्याकडं येतो तो पोरगा चांगला आहे. त्याला घंटाभर जास्त थांबूं द्या. मी बसून सांगत जाईन." त्याप्रमाणें करार बदलला. कंपनी आम्हीं सोडली नाहीं. फांद्यांची रीतसर छाटणी, पाण्याचा निचरा, खताचा खड्डा हीं कामें ती आमच्यापेक्षां नि:संशय चांगलीं करते. फवारणी बंद केली. मुलाचा वेळ वाढविला, त्याचे पैसे वाढले. माळीबुवा पायरीवर बसतात, त्यांचें खुरपें आतां त्या मुलाच्या हातीं असतें. आंब्याखालीं कांहीं लावावयाचें नाहीं, पाला तसाच पडूं द्यावयाचा, हा त्यांचा पहिला हुकूम होता.

ज्यांस असें काम कंत्राटानें द्यावयाचें असेल त्यांनीं द्यावें. तें वाईट नव्हे. मात्र आधीं आपल्या अंगणांत काय काय आहे व तें कोणाच्या उपयोगाचें आहे, ह्याची यादी घरांतल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसून करावी. पाणी रोज किती लागेल हें लिटरांत विचारावें. कोणतें औषध कोठें मारणार तें लिहून घ्यावें. माणूस कोण येणार आणि किती वेळ थांबणार हें ठरवावें. आणि नमुना म्हणून कालची अंथरलेली हिरवळ पाहूं नये, एका उन्हाळ्यांतून निघालेली पाहावी.

आतां अंगणभर पुन्हां हरळी आहे. माळीबुवांनीं जास्वंदीच्या तीन काड्या आणून लावल्या. दोन लागल्या, त्यांतली एक फुलूं लागली आहे. मातोश्री सकाळीं परडी घेऊन उतरतात. वांकणें मात्र मधल्या त्या एका वर्षांत सुटलें तें सुटलेंच. दूर्वा आतां आम्ही काढून देतों. तीन पानांची कोणती घ्यावी हें त्या पायरीवरून सांगतात. त्या जास्वंदींविषयीं त्यांनीं आजवर आम्हांस एक अक्षरही म्हटलेलें नाहीं.