मॉरिशस : डोडोच्या बेटावर

मे महिन्यात आपल्याकडे ऊन तापत असते, तेव्हा हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर हिवाळ्याची चाहूल लागलेली असते. विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे तेथील ऋतुचक्र आपल्या उलट फिरते. नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण व पावसाळी काळ. जानेवारी ते मार्च या दिवसांत चक्रीवादळांचे भय अधिक. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी, सुखद असते व सरासरी तापमान २० अंशांच्या आसपास राहते. मुलांची सुट्टी मे महिन्यात, आणि पुढे आषाढात चातुर्मास. म्हणून आपल्या कुटुंबांना मे महिनाच सोयीचा.

मात्र या दिवसांत तेथे पावणेसहाच्या सुमारासच सूर्यास्त होतो. रात्रिभोजन वर्ज्य असणाऱ्यांनी सायंकाळच्या जेवणाची व्यवस्था हॉटेलात आधीच सांगून ठेवावी. दुपारी रस्तोरस्ती मिळणारी दालपुरी शाकाहारी असते. सोबतच्या भाजीत कंदमूळ नाही ना, एवढे विचारून घ्यावे.

बेटाभोवती प्रवाळांचे कडे आहे. लाटा त्यावर फुटतात आणि किनाऱ्याशी पाणी निळे, निवांत राहते. शामारेल येथे ज्वालामुखीच्या खडकाची झीज होऊन बनलेली सप्तरंगी माती आहे; पाम्प्लेमूसच्या उद्यानात परातीएवढ्या, किंबहुना त्याहून मोठ्या पानांची कमळे आहेत. पोर्ट लुईस बंदरातील आप्रवासी घाटावर १८३४ पासून भारतीय मजूर उतरले. त्यांत मराठी माणसेही होती; त्यांच्या वंशजांमुळे गणेश चतुर्थीला आजही त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

परंतु मन थबकते ते पोर्ट लुईसच्या संग्रहालयात, डोडोच्या सांगाड्यापुढे. या पक्ष्याला उडता येत नव्हते आणि बेटावर शत्रू नसल्याने भयही ठाऊक नव्हते. १५९८ मध्ये डच खलाशी आले. त्यांनी डोडो मारले. जहाजांतून आलेल्या डुकरांनी, उंदरांनी त्याची अंडी खाल्ली. शंभर वर्षांच्या आत ही जात नामशेष झाली. जो जीव माणसाला भ्याला नाही, तोच माणसाच्या हातून संपला.

याच बेटाने पुढे प्रायश्चित्तही केले. १९७४ मध्ये मॉरिशसच्या ससाण्याचे केवळ चार पक्षी उरल्याचे आढळले होते. अंडी जपून, पिले वाढवून, त्यांना रानात सोडून अभ्यासकांनी ती संख्या काही शेकड्यांवर नेली. जीवदया म्हणजे केवळ न मारणे नव्हे, तर जगू देण्यासाठी कष्ट घेणे, हे तेथे कळते.

सहलीच्या कार्यक्रमांत तेथे मासेमारीची नौकाही असते. ती आपण टाळावी, प्रवाळावर पाय देऊ नये, शंख-शिंपले वेचून आणू नयेत. मुलांना समुद्र दाखवावाच. पण डोडोपुढे त्यांना क्षणभर उभे करावे. पाठशाळेत ऐकलेल्या अहिंसेचा अर्थ त्यांना तेथे प्रत्यक्ष दिसेल.