गिरणीची फरशी, डोंगराची वाट

मँचेस्टरहून शेफील्डकडे निघालेली गाडी लांब बोगद्यातून बाहेर पडताच एडेल हे चिमुकले खेडे येते. डर्बीशायरच्या हिरव्या दरीत दगडी घरे, एक चर्च आणि मेंढ्यांची कुरणे, एवढाच त्याचा पसारा. तरीही पदयात्रींची येथे सदैव वर्दळ असते. कारण 1965 साली खुली झालेली, सुमारे 430 किलोमीटर लांबीची ‘पेनाइन वे’ ही पायवाट येथूनच स्कॉटलंडकडे निघते.

समोरचे 636 मीटर उंचीचे किंडर स्काउट हे पठार एकेकाळी जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होते. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टरकडील कामगार तरुण मनाई मोडून त्यावर चढले. पाच जणांना तुरुंगवास घडला. पुढे 1951 साली हाच प्रदेश ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाला.

शिदोरीत खाकरे घेऊन आम्ही पती-पत्नी चढू लागलो. वर काळी, ओलसर, स्पंजासारखी माती लागते. हजारो वर्षे कुजलेल्या शेवाळाचा हा थर पाणी धरून ठेवतो. शहरांतील गिरण्यांच्या धुराने ते शेवाळ जळाले आणि पदयात्रींच्या पावलांनी माती उघडी पडली. म्हणून वाटेवर अनेक ठिकाणी मोठ्या फरशा अंथरल्या आहेत. त्यांतील कित्येक लँकेशायरच्या बंद पडलेल्या कापडगिरण्यांतून आणलेल्या आहेत.

हे कळले आणि माझे पाऊल थबकले. आमच्या घराण्यात आजोबांपर्यंत कापसाचा व्यापार होता. खानदेश-वऱ्हाडातील गाठी मुंबई बंदरातून याच लँकेशायरला जात, हे मी बालपणापासून ऐकत आलो होतो. त्या व्यापाराने आमच्या वाड्याला बरकत दिली. त्याच गिरण्यांच्या धुराने हा डोंगर काळवंडला, हे मात्र आमच्या वहीखात्यात कधी नोंदले गेले नव्हते.

आता त्याच गिरण्यांची जमीन डोंगराची जखम झाकते आहे. दुतर्फा कापूसगवताचे शुभ्र गोंडे वाऱ्यावर डोलत होते. पत्नी म्हणाली, “अहो, फरशीवरूनच चला, मातीत उतरू नका.”

नफ्याची नोंद आपण त्याच दिवशी करतो. देण्याची नोंद कधीकधी नातवाच्या हातून व्हायची असते. उतरताना मी एकही पाऊल फरशीबाहेर टाकले नाही.