मांडवीच्या तीरावर एक रविवार

सुटी म्हणजे आळस, अशी समजूत आपल्या खेड्यांतून अजून पुष्कळांची आहे. माझे वडील त्यांपैकीच एक. खानापूर तालुक्यातील आमच्या गावी त्यांचा सारा जन्म शेत आणि गुरे यांत गेला. धाकटा भाऊ पणजीस नोकरीला लागून दहा वर्षे झाली. “बाबा, एकदा तरी या,” असे तो दर भेटीत विनवी, आणि “गुरांना पाणी कोण दाखवणार?” हे वडिलांचे उत्तर ठरलेले असे. यंदा मे महिन्यात, पेरणीपूर्वीच्या मोकळ्या दिवसांत, शेजाऱ्यांनी गुरे सांभाळण्याचे पत्करले, तेव्हा कुठे ते आमच्याबरोबर निघाले.

रविवारी सकाळी मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्या उतरलो व बागेवरून सरळ नदीकाठी आलो. झाडाच्या सावलीत एक बाक मिळाला. भावाने पाव आणि पातळ भाजी आणली. वडील पाण्याकडे बराच वेळ पाहत होते. आमच्या तालुक्यात देगावजवळ उगम पावणारी म्हादई तीच ही मांडवी, हे त्यांनी ऐकले होते. पण ती एवढी रुंद व संथ झालेली प्रथमच पाहिली.

“आजोबा, नदी उलटी कशी वाहते?” माझ्या मुलीने विचारले. खरेच, पाण्यावरची एक झावळी समुद्राकडून आत चालली होती. भावाने सांगितले, की समुद्र जवळ असल्यामुळे येथे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा ओसरते. मध्ये थोडा वेळ ते जागीच थांबते.

मग फेरीबोटीने बेतीला गेलो. १९७० साली पहिला पूल होण्यापूर्वी पलीकडे जाण्यास होडी किंवा फेरीबोट हाच मार्ग होता. तो पूल १९८६ साली कोसळला. आज तेथे तीन पूल आहेत, तरी फेरीबोट चालूच आहे. पायी उतारूंना भाडे पडले नाही. पलीकडे काहीच काम नसल्याने पुढच्या फेरीने परतलो. “फुकट गेलो, फुकट आलो,” म्हणून वडील हसले. आई गेल्यापासून त्यांना असे हसताना मी पाहिले नव्हते.

दुपारी भरती पूर्ण झाली. पाण्यावरचे पान हलेना. “थांबली बघ नदी,” वडील हळूच म्हणाले. मग त्यांनी भावाला पगार विचारला नाही. रात्री झोप लागते का, जेवण कोण करते, हे विचारले. दहा वर्षे राहून गेलेले बोलणे त्या बाकावर झाले. आम्ही उभयतां मुलीला घेऊन जरा दूर जाऊन बसलो.

सायंकाळी नदी पुन्हा समुद्राकडे वाहू लागली. पाणी घटकाभर थांबले म्हणून तिचे काही अडले नव्हते. पाऊस लागला की शेतकऱ्याला उसंत नाही. म्हणून त्याआधीचा एखादा दिवस, वाचकहो, दूर गेलेल्या आपल्या माणसासाठी राखून ठेवावा. सुगी आटोपली की पुन्हा येईन, असे वडिलांनी निघताना भावाला आपण होऊन सांगितले.