बर्फाच्या दुलईखालची बाग

एप्रिल-मेमध्ये श्रीनगरला जाणारे मराठी पर्यटक दल सरोवराकाठच्या बागा पाहून हरखून जातात. निशात बागेचे फुलांनी भरलेले वाफे, जबरवान डोंगराच्या पायथ्याशी असलेली ट्युलिपची बाग आणि घरोघरच्या अंगणातले आयरिस, पिओनी, गुलाब! कॅमेऱ्यातला रोल पुरत नसे असे एकेकाळी म्हणत, आता मोबाइलची बॅटरी पुरत नाही. पण अवघ्या दोन-तीन महिन्यांपूर्वी याच अंगणांत गोठलेली माती आणि वाळक्या काड्यांखेरीज काही नव्हते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. मग या झाडांना पुन्हा जीव येतो कुठून?

काश्मिरी माणूस हिवाळा दिवसांच्या हिशेबाने मोजतो. 21 डिसेंबरपासून 40 दिवस चिल्लई कलान, म्हणजे मोठी थंडी. त्यानंतर 20 दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे 10 दिवस चिल्लई बच्चा. नळ गोठतात, सरोवराच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरतो आणि माणसे फेरनच्या आत कांगडी घेऊन वावरतात.

आपल्याला वाटते, झाडांचा खरा शत्रू बर्फ. प्रत्यक्षात बर्फ ही झाडांची दुलई आहे. भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते, त्यामुळे खालची माती बाहेरच्या हवेइतकी थंड होत नाही. खरी भीती असते ती बर्फाविना पडणाऱ्या कोरड्या थंडीची. 21 डिसेंबर 2024 रोजी श्रीनगरचे किमान तापमान उणे 8.5 अंशांवर उतरले. डिसेंबरमधली ती पाच दशकांतली सर्वांत थंड रात्र होती, आणि जोरदार बर्फ पडला तो त्यानंतर आठवड्याने. अशा रात्री झाडांच्या मुळांशी पालापाचोळ्याचा थर नसेल, तर त्यांना पांघरूण कसलेच उरत नाही.

दुसरे संकट येते थंडी ओसरताना. पाणी गोठले की सुमारे 9 टक्के फुगते. दिवसा वितळणारी आणि रात्री पुन्हा गोठणारी माती झाडाला हळूहळू वर ढकलते. मुळे उघडी पडतात आणि वाऱ्याने सुकतात. म्हणून फेब्रुवारीअखेरीस जाणता माळी आधी वाफ्यांवरून नजर फिरवतो. वर आलेला गड्डा हाताने हलकेच दाबून बसवायचा, त्याभोवती मूठभर माती आणि कुजलेले शेणखत घालायचे. माती ओलीचिंब असेल, तर वाफ्यात पाय मात्र ठेवायचा नाही, कारण तुडवलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही.

यानंतरचे काम सर्वांत अवघड, ते म्हणजे वाट पाहणे. झाड मेले असे समजून उपटण्याचा मोह होतो. गुलाबाच्या बाबतीत काडी नखाने खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर काडी जिवंत आहे. तपकिरी भाग हिरवा गाभा लागेपर्यंत छाटावा. कलमाच्या खालून आलेला फुटवा मात्र काढून टाकावा, तो मूळ जंगली झाडाचा असतो. आयरिसचा मूळकंद दाबून पाहावा. टणक असेल तर ठीक, मऊ पडून वास येत असेल तर तेवढा भाग कापून टाकावा आणि उरलेला कंद अर्धा उघडाच ठेवावा, त्याला ऊन लागते. पिओनीचे लालसर कोंब मातीतून डोकावेपर्यंत तिथे खुरपे चालवू नये. पालापाचोळाही एकदम न काढता ढगाळ दिवशी थोडा थोडा बाजूला करावा. घाईने दिलेले रासायनिक खत तर घातकच. त्याने कोवळी पालवी लवकर फुटते आणि मार्चमधल्या एखाद्या उशिरा आलेल्या हिमरात्रीत करपते. अशा रात्री कोंबांवर पालथी कुंडी किंवा गोणपाट पुरते.

विशेष म्हणजे ज्या थंडीपासून ही झाडे जपायची, तीच त्यांना हवीही असते. ट्युलिप आणि पिओनीच्या कंदातली कळी जागी होण्यासाठी काही आठवडे गारठा लागतोच. हौसेने काश्मीरहून आणलेला पिओनीचा कंद पुण्यात किंवा नागपुरात पाने देईलही, पण फुलणार नाही. त्यात दोष ना खताचा, ना पाण्याचा. त्याला हवा असलेला चिल्लई कलान आपल्याकडे येतच नाही!

काश्मीरमध्ये वसंताला ‘सोंथ’ म्हणतात. मार्चच्या मध्याला तो सुरू होतो, हरी पर्बताच्या पायथ्याची बदामवारी फुलते आणि पाठोपाठ कबरस्तानांतून निळेपांढरे आयरिस उमलू लागतात. तिथे कुणी छाटणी करत नाही की खत घालत नाही, तरी दर वर्षी ते उगवतात. माळ्याचे निम्मे काम झाडच करते, उरलेले निम्मे म्हणजे त्याला तेवढी सवड देणे. काश्मीरला जायचेच असेल, तर एकदा मार्चमध्ये जावे. फुले कमी दिसतील, पण काळ्या मातीतून वर येणारा तो लाल कोंब पाहिल्यावर मेमधल्या फुलांचे मोल अधिक कळेल.