गड, गाव आणि नावे

१/ जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत इतिहास जितका दगडात आहे, तितकाच तो नावांत आहे. दगड राखायला पहारा लागतो. नाव राखायला बोलणारी माणसे लागतात. #इतिहास #थ्रेड

२/ जुन्नरच्या पश्चिमेचा चावंड पाहा. गडमाथ्यावर चामुंडा देवीचे मंदिर आहे. ‘ग्राम’चे गाव आणि ‘नाम’चे नाव झाले, त्याच वाटेने ‘चामुंडा’चे चावंड झाले असावे.

३/ शिवकाळात चावंडला प्रसन्नगड आणि हडसरला पर्वतगड ही नावे मिळाली. नावे सुंदर, देणारे हात थोर. तरीही ती कागदातच राहिली. पायथ्याची वस्ती आजही चावंडवाडी म्हणूनच ओळखली जाते.

४/ १८१८ मध्ये इंग्रजांनी हे गड घेतले. ते पुन्हा कोणाचा आसरा होऊ नयेत म्हणून चावंड, जीवधन, हडसर यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. वाट मोडली, नाव मोडले नाही, कारण ते खाली वाडीत राहत होते.

५/ आयर्लंडमध्येही असेच दिसते. तेथील ‘डून’ आणि ‘राथ’ हे शब्द जुन्या कोटांचे, गढ्यांचे. मातीचा गोल तट नांगराखाली सपाट झाला, तरी गावाच्या नावात तो उभा असतो.

६/ आंबेगावची कथा मात्र उलटी आहे. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले, ते घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. येथे नाव तगले ते सरकारी दप्तरामुळे. गाव तेवढे उरले नाही.

७/ पण दप्तरात गावाचेच नाव असते. शेताचे, ओढ्याचे, पाणवठ्याचे, गुरे बसण्याच्या माळाचे नाव बहुधा कोणी लिहीत नाही. रोज तिकडे जाणाऱ्यांच्या तोंडी ते जगते. माणसे उठून दुसरीकडे वसली की त्या नावांना बोट दाखवायला जागाच उरत नाही.

८/ नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख सुमारे दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतो, कारण कोणीतरी तो कोरला. बुडालेल्या शिवारातील नावे कोणी कोरली नाहीत. ती आज काही वृद्धांच्या आठवणीत आहेत. ती उतरवून घेणे हेही शिलालेखाचा ठसा घेण्याइतकेच इतिहासाचे काम आहे, आणि त्याला मुदत आहे.